शेजारच्या घरातला आवाज

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे "बघते, काहीतरी प्रवासवर्णन देते" असं म्हणून वेळ मारून नेली होती. क्योटोचे फोटोही काढून ठेवले होते. पण मधल्या काळात आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक वाद झाला, तो काही डोक्यातून जाईना. तेव्हा क्योटो पुढच्या वर्षी. यंदा हा वाद तुमच्यापुढे मांडते. वाचून झाल्यावर कोजागिरीला भेटाल तेव्हा भांडायला मोकळे!

झालं असं, की टीव्हीवर आसियानच्या बैठकीची बातमी चालू होती. दहा-अकरा नेते ओळीने उभे, हात एकमेकांत गुंफलेले, सगळ्यांच्या अंगात त्या त्या देशाचे रंगीत शर्ट. निवेदक म्हणाला, म्यानमारमधल्या राजकीय कैद्यांच्या सुटकेचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. मी सवयीने म्हटलं, "बरं झालं, कोणीतरी बोलतंय." माझी लेक, जन्म इथलाच सिंगापूरचा, शिक्षण आता कायद्याचं, काटा खाली ठेवून म्हणाली, "आई, बोलून काय होतं? तीस वर्षं बोलतायत. आणि तू ज्या बाईंसाठी हळहळतेस ना, त्या सत्तेवर असताना त्यांच्याच देशात पत्रकार तुरुंगात होते. रोहिंग्यांचं काय झालं ते तर तुला माहीतच आहे. मग हे सगळं कुणासाठी?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही.

आपण मराठी माणसं ब्रह्मदेशाला तसे परके नाही. मंडाले हा शब्द आपल्याला शाळेपासून पाठ. लोकमान्यांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवलं गेलं, तिथे त्यांनी पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं, हे आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलेलं आहे. त्या तुरुंगात असतानाच १९१२ साली त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, हे मात्र मार्कांसाठी कोणी विचारत नसे. त्याच ब्रह्मदेशात पुढे १९९९ साली आंग सान सू ची यांचे पती मायकेल ॲरिस इंग्लंडमध्ये कर्करोगाने गेले. त्यांना शेवटची भेट घ्यायला यायचं होतं, पण लष्करी सरकारने व्हिसा दिला नाही. "बाईंनीच जावं तिकडे," असा सल्ला मात्र दिला. गेल्या असत्या तर परत येऊ दिलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्या गेल्या नाहीत. राजकीय कैद म्हणजे फक्त भिंती आणि कुलूप नव्हे. कैद्याला त्याच्या माणसांपासून तोडायचं आणि दोष त्याच्याच माथी मारायचा, अशीही ती असते.

आता आसियानची गोष्ट. ही संघटना ८ ऑगस्ट १९६७ रोजी बँकॉकमध्ये स्थापन झाली. योगायोग असा, की ब्रह्मदेशातला लोकशाहीचा मोठा उठाव ८ ऑगस्ट १९८८ चा, म्हणजे तारीख तीच. तो उठाव चिरडला गेला, सप्टेंबरात लष्कराच्या नव्या मंडळाने सत्ता घेतली. १९९० साली निवडणूक झाली, सू ची यांच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या, आणि लष्कराने निकाल चक्क बासनात गुंडाळून ठेवला. इतकं सगळं उघड्या डोळ्यांनी पाहून आसियानने १९९७ साली त्या राजवटीला घरात घेतलं. पश्चिमेकडचे देश बहिष्काराची भाषा करत होते. आपण 'रचनात्मक संवाद' करू, असं आसियानचं म्हणणं होतं. शिवाय पहिल्यापासूनचा नियम होताच: एकमेकांच्या अंतर्गत बाबीत ढवळाढवळ करायची नाही.

या नियमाची टिंगल करणं सोपं आहे. मीही पूर्वी करत असे. पण इथे इतकी वर्षं राहिल्यावर त्याची दुसरी बाजूही दिसते. हे बहुतेक देश कालपरवापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या वसाहती होते. "तुम्हाला सुधारण्यासाठी आलो आहोत" हे वाक्य ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेले. इंडोनेशिया आणि मलेशिया साठच्या दशकात एकमेकांशी लढत होते. सिंगापूर एवढंसं बेट, दोन्ही बाजूंना मोठे शेजारी. अशांनी ठरवलं, की बाबांनो, तुझ्या घरात तू, माझ्या घरात मी. त्या भिंतीच्या आधाराने ही मंडळी पोटभर जेवायला लागली, हे नाकारून चालणार नाही. मात्र हाच नियम किती टोकाला गेला, तेही पाहा. व्हिएतनामच्या सैन्याने १९७९ च्या जानेवारीत कंबोडियातली पोल पॉटची राजवट उलथवली, तेव्हा आसियानचा राग पोल पॉटपेक्षा व्हिएतनामवर जास्त होता. कारण त्यांनी दुसऱ्याच्या घराची कडी काढली होती.

हे वाचताना मला आमचा शनिवार पेठेतला वाडा आठवतो. माझी सगळी नीतिशास्त्राची शाळा तिथेच झाली, म्हटलं तरी चालेल. वाड्यात भिंती होत्या, पण नावाला. कोणाकडे फोडणी कसली पडली, इथपासून कोणाच्या मुलाला गणितात किती मिळाले, इथपर्यंत सगळं सगळ्यांना ऐकू येई. आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एक जोडपं राहत असे. तो गृहस्थ बाहेर अतिशय सज्जन, गणपतीची वर्गणी सगळ्यात आधी देणारा. आणि रात्री बायकोला मारायचा. आवाज यायचा. वाडाभर यायचा. माझे आजोबा रेडिओचा आवाज वाढवत. समोरचे काका गॅलरीतून आत जात. "नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडायचं?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की आसियानचे मंत्री 'अंतर्गत बाब' म्हणू लागले की मला तो रेडिओ ऐकू येतो.

माझी आजी काय करायची? ती वाटी घ्यायची. शेजारचं दार वाजवायची आणि म्हणायची, "अगं, विरजण आहे का गं थोडं? आमचं संपलं." आमच्याकडे विरजण कधीही संपलेलं नसे. दार उघडलं जाई, तो गृहस्थ "या काकू, या" म्हणे, वहिनी डोळे पुसत वाटीत दही घालत. आजी इकडचं तिकडचं दोन मिनिटं बोले आणि परत येई. त्या रात्रीपुरता आवाज थांबे.

माझ्या मते आसियानच्या बहुतेक निवेदनांची जात ही विरजणाच्या वाटीची आहे. आरोप नाही, शिव्या नाहीत, फक्त दार वाजवणं. आणि गंमत म्हणजे, ते सुद्धा करायला या मंडळींना फार वर्षं लागली. ३० मे २००३ रोजी डेपायिन गावाजवळ सू ची यांच्या ताफ्यावर जमावाने हल्ला केला, त्यांची माणसं मारली गेली, आणि अटक झाली ती सू ची यांनाच! त्यानंतर जूनमध्ये नॉम पेन्हला परराष्ट्रमंत्री जमले आणि त्यांनी, एका सदस्याच्या तोंडावर, सू ची यांच्यावरचे निर्बंध लवकर उठावेत असं लेखी म्हटलं. मलेशियाचे महाथीर मोहम्मद तर जुलैत म्हणाले, की अगदीच वेळ आली तर म्यानमारला संघटनेतून काढावंही लागेल.

शाबास! पण थांबा. त्या वेळी महाथीर यांचेच एकेकाळचे उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम मलेशियाच्या तुरुंगात होते. तेही राजकीय कैदीच, असं जगातल्या अनेकांचं मत होतं. आणि जिथे बसून मी हे लिहिते आहे त्या सिंगापुरात चिया थाय पोह नावाचे एक खासदार १९६६ पासून खटल्याविना अटकेत होते. तेवीस वर्षं कोठडीत, नंतर एका बेटावर निर्बंधांखाली, आणि शेवटचे निर्बंध उठले १९९८ साली. तेव्हा सांगणाऱ्यांचे हात काही धुतलेले नव्हते. आपण भारतीयांनीही नाक वर करायचं कारण नाही. आणीबाणीत १९७६ साली जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा युरोपातले समाजवादी नेते ब्रांट, पाल्मे, क्रायस्की यांनी त्यांच्या जिवासाठी दिल्लीकडे रदबदली केली. आपल्या सरकारला परक्यांची ही काळजी रुचणार नव्हतीच, तो आपला घरचा मामला होता. फर्नांडिस वाचले, आणि पुढे मंत्री झाल्यावर दिल्लीतल्या त्यांच्या सरकारी बंगल्यात ब्रह्मी विद्यार्थी आंदोलकांना आसरा मिळाला. मुंबईत टॅक्सीवाल्यांचे संप करणारा हा माणूस ते विसरला नव्हता, इतकंच.

मग ज्याच्या स्वतःच्या घरात कैदी आहेत, त्याने दुसऱ्याच्या कैद्यांबद्दल बोलावं का? लेकीचं म्हणणं, हा ढोंगीपणा आहे. मला वाटतं, आहेच. पण ढोंग्याने खरं बोललेलं वाक्य खोटं होत नाही. शेजारच्या घरातल्या मारणाऱ्याला थांबवायला जर फक्त निष्कलंक माणसांनीच जायचं असं ठरवलं, तर वाड्यातून कोणीच बाहेर पडणार नाही. आणि एकदा दुसऱ्याबद्दल तोंडाने काही मागितलं, की आपलंच वाक्य आपल्याकडे परत येतं. उद्या कोणी विचारतं, "मग तुमच्याकडचं काय?" हा प्रश्न विचारला जाणं हाही फायदाच.

'अंतर्गत बाब' या शब्दातला खरा लबाडीचा भाग मला दुसरीकडे दिसतो. जो माणूस त्या घराशी काही संबंध ठेवत नाही, त्याने 'माझा काय संबंध' म्हटलं तर समजू शकतं. पण इथल्या कंपन्या तिकडे गुंतवणूक करत होत्या, तिकडचं सागवान इकडे येत होतं, थायलंड त्यांचा गॅस विकत घेत होता. तिथल्या सेनापतींना औषधोपचाराला सिंगापूर लागत होतं. आपला भारतही १९८८ ला लोकशाहीवाल्यांच्या बाजूने उभा होता, पण नव्वदच्या दशकात सूर बदलला. पुढे लष्करप्रमुख थान श्वे यांचं दिल्लीत दोनदा स्वागत झालं, २००४ साली आणि २०१० साली. सू ची २०१२ साली दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी सौम्य शब्दांत सांगितलं, की आमच्या कठीण दिवसांत भारत आमच्यापासून दूर गेला याचं वाईट वाटलं. ज्या घरात आपण जेवतो, त्या घरातला आवाज ही फक्त त्या घराची बाब कशी राहील? पानावर बसलो त्याच दिवशी ढवळाढवळ झालेली आहे. आता फक्त कोणाच्या बाजूने, एवढंच ठरायचं असतं.

२००७ चा नोव्हेंबर मला चांगला आठवतो. त्याआधी सप्टेंबरात भिक्षू रस्त्यावर उतरले होते, त्यांच्यावर गोळ्या चालल्या होत्या. २७ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये आसियानच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या वतीने आपले जॉर्ज यो यांनी निवेदन काढलं, त्यात किळस वाटल्याचा उल्लेख होता आणि सू ची यांच्यासह सगळ्या राजकीय कैद्यांना सोडा असं स्पष्ट म्हटलं होतं. आम्ही मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाच्या तयारीत, तरीही त्याची चर्चा झाली. मग नोव्हेंबरात इथेच शिखर परिषद. संयुक्त राष्ट्रांचे दूत इब्राहिम गंबारी यांनी सगळ्या नेत्यांना माहिती द्यायची, असं ठरलं होतं. ते आलेही. म्यानमारचे पंतप्रधान थेन सेन म्हणाले, हा आमचा घरचा प्रश्न आहे. झालं, माहिती देणं रद्द. दुसऱ्या दिवशी त्याच सभागृहात सगळ्यांनी आसियानच्या सनदेवर सह्या केल्या, तिच्यात मानवी हक्कांचा उल्लेख आहे. पाहुण्याला बोलावून आणायचं आणि यजमान रुसला म्हणून जिन्यातच उभं करायचं, असा तो प्रकार.

मग दबावाने काही झालं की नाही? २०१० च्या नोव्हेंबरात सू ची सुटल्या, पण निवडणूक उरकल्यावर आणि कैदेची मुदत संपल्यावर. २०११ च्या ऑक्टोबरात विनोदी नट झारगानार सुटले. १३ जानेवारी २०१२ रोजी मिन को नाइंग यांच्यासह शेकडो कैदी बाहेर आले. त्याच्या दोनच महिने आधी आसियानने म्यानमारला २०१४ चं अध्यक्षपद देऊ केलं होतं. पाश्चात्त्य निर्बंध होते, चीनवर फार विसंबल्याची धास्ती होती, लष्कराचे स्वतःचे हिशेब होते. यातलं कोणतं कारण किती तोळ्याचं, हे सांगणारा तराजू कोणाकडे नाही.

आणि इथेच मला सगळ्यात अवघड प्रश्न दिसतो. कैदी हे राजवटीच्या खिशातलं चलन बनतं. आधी पकडायचं, मग सोडायचं, आणि सोडल्याबद्दल शाबासकी, कर्ज, अध्यक्षपद मिळवायचं. चलन संपत आलं की पुन्हा पकडायचं. सू ची १९८९ ला अटकेत, १९९५ ला सुटका, २००० ला अटक, २००२ ला सुटका, २००३ ला अटक, २०१० ला सुटका, २०२१ ला अटक. मग "कैदी सोडा" असं मागणारे आपण त्या चलनाचा भाव वाढवतो का? आपण जेवढी किंमत लावू तेवढे जास्त पकडले जातील, असंही होऊ शकतं. लेकीने हा मुद्दा काढला तेव्हा मी गप्प बसले.

१८९७ साली लोकमान्यांना राजद्रोहाखाली पहिली शिक्षा झाली, दीड वर्षाची. मॅक्सम्युलर आणि इतर काही विद्वानांनी राणीच्या सरकारकडे अर्ज केला, आणि वर्षभरातच, सप्टेंबर १८९८ मध्ये, काही अटी मान्य करून टिळक सुटले. परक्या देशातल्या, राज्यकर्त्यांच्या ओळखीतल्या माणसाने शब्द टाकला आणि दार उघडलं. टिळकांनी अटी मानल्या म्हणून ते लहान झाले का? दहा वर्षांनी मंडालेला गेलेच की! सू ची यांना मात्र देश सोडून जा आणि मोकळ्या व्हा, हा पर्याय होता, तो त्यांनी नाकारला. दोघांनी आपापलं ठरवलं. कोणती अट मानायची आणि कोणती नाही, हा निर्णय बाहेरच्या हितचिंतकाचा नाही, कैद्याचा आहे. म्हणून मला हल्ली वाटतं, की "सोडा" या मागणीच्या आधीची मागणी "भेटू द्या" ही आहे. मलेशियाचे परराष्ट्रमंत्री सय्यद हमीद अल्बर २००६ च्या मार्चमध्ये आसियानच्या वतीने गेले, त्यांना सू ची यांना भेटू दिलं नाही. २०२१ साली ब्रुनेईचे एरिवान युसोफ यांनाही नाही. माझी आजी निदान उंबऱ्याच्या आत जायची. वहिनींचा चेहरा बघायची.

२०२१ च्या १ फेब्रुवारीला पुन्हा लष्कराने सत्ता घेतली. २४ एप्रिलला जकार्तात आसियानचे नेते आणि सेनापती मिन आँग लाइंग एका खोलीत बसले आणि पाच मुद्द्यांवर सहमती झाली: हिंसा थांबवा, संवाद करा, दूत नेमा, मदत पोचू द्या, दूताला सगळ्यांना भेटू द्या. मी वर्तमानपत्रात ते पाच मुद्दे बोटांवर मोजले. कैद्यांची सुटका त्यात नव्हती. ती निवेदनात वेगळ्या वाक्यात होती, सुटकेची मागणी 'आम्ही ऐकली' अशा शब्दांत. कोणाकडून ऐकली, आणि ऐकून काय केलं? वाड्यातही सगळ्यांनी ऐकलंच होतं.

ऑक्टोबरात मात्र आसियानने कडक पाऊल उचललं. शिखर परिषदेला सेनापतींना बोलावलं नाही. तीन दिवसांत पाच हजारांहून अधिक कैद्यांना सोडण्याची घोषणा झाली. म्हणजे मानापमानाची भाषा सेनापतींना कळते. पण पुढच्या वर्षीचं ऐका. कंबोडियाचे हुन सेन अध्यक्ष होते, स्वतः काही लोकशाहीचे पुजारी नव्हेत, पण त्यांनी जूनमध्ये पत्र लिहून विनवलं, की फाशी देऊ नका. जुलैच्या अखेरीस बातमी आली की चौघांना फाशी दिलं. त्यात माजी खासदार आणि हिप-हॉप गायक प्यो झेया थॉ होते, आणि १९८८ पासून लढणारे को जिमी. तीन दशकांहून जास्त काळात तिथे कोणाला असं फाशी दिलं गेलं नव्हतं. पत्राचा उपयोग झाला नाही, एवढंच नाही, पत्राला दिलेलं ते उत्तर होतं असं मला त्या दिवशी वाटलं.

आता वाड्याची उरलेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका लग्नात त्या शेजारच्या वहिनी भेटल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी आजीच्या वाटीची आठवण काढली. मनात थोडा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "काकू आल्या की थांबायचा गं. पण त्या गेल्या की 'तूच बोलावलंस तिला' म्हणून कधी कधी आणखी बसायच्या." माझा घास घशातच अडकला. मी विचारलं, "मग आजीने यायला नको होतं का?" त्या म्हणाल्या, "असं कुठे म्हणतेय मी? यायलाच हवं होतं. पण विरजण घेऊन लगेच परत जायच्या ना. तासभर बसल्या असत्या तर तो झोपून गेला असता."

मी ही गोष्ट लेकीला सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने तो सू ची यांचा मुद्दा परत काढला. २०१७ ला सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. रॉयटर्सचे वा लोन आणि क्याव सो ऊ या दोघांनी त्यातल्या एका हत्याकांडाचा शोध घेतला म्हणून ते पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात होते, आणि सरकार सू ची यांचं होतं. २०१९ च्या डिसेंबरात त्या हेगला गेल्या आणि आपल्या देशाची बाजू मांडली. हे सगळं खरं आहे, आणि एकेकाळी त्यांचा फोटो माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजवर होता, तो मी काढला, हेही खरं आहे. पण फोटो लावायचा की नाही हा एक प्रश्न, आणि वॉकी-टॉकी बेकायदा आणल्यासारखे आरोप ठेवून बंद दारांआड खटले चालवून ३३ वर्षांची शिक्षा ठोठावणं हा दुसरा. (२०२३ मध्ये ती २७ वर्षं केली, मोठंच औदार्य!) कैद्याचा हक्क त्याच्या चांगुलपणावर अवलंबून ठेवला, तर चांगुलपणा ठरवायचं काम पुन्हा तुरुंगाच्या मालकाकडेच जाईल. शिवाय एका प्रसिद्ध नावाच्या मागे किती नावं आहेत! थाई सीमेवरच्या मे सोत गावात माजी कैद्यांनीच चालवलेली एक संस्था या नावांची नोंद ठेवते. २०२१ नंतर तिच्या यादीतल्या कैदेत असलेल्यांचा आकडा वीस हजारांच्या वर गेला. त्या यादीतल्या बहुतेकांसाठी कोणताही मंत्री कधी पत्र लिहिणार नाही.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. पूर्व तिमोरचे शनाना गुझमाव १९९२ साली इंडोनेशियाने पकडले, सात वर्षं ते जकार्तात कैदेत होते. सुहार्तोंच्या त्या काळात आसियान गप्प होती, अंतर्गत बाब! २०२५ च्या ऑक्टोबरात क्वालालंपूरला त्यांचा देश आसियानचा अकरावा सदस्य झाला, आणि पंतप्रधान म्हणून गुझमाव त्याच ओळीत उभे राहिले. शेजारी यजमान अन्वर इब्राहिम, तेही माजी कैदी. त्या ओळीतल्या दोघांना तरी दार आतून कसं दिसतं ते माहीत होतं.

आता आपल्यासारख्यांचं. आपण इथे पासवर राहणारी माणसं, काहींनी लाल पासपोर्ट घेतलेला. निदर्शनं वगैरे आपलं काम नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत इथल्या पोलिसांनी म्यानमारच्या निमित्ताने रस्त्यावर उतरू नका अशी स्पष्ट ताकीद दिली होती. आम्ही कायदा पाळणारी माणसं, पाळला. पण आमच्या ऑफिसात हिशेब विभागात माझ्या शेजारी एक ब्रह्मी सहकारी बसतो. गेली अकरा वर्षं बसतो. २०२१ नंतर मी त्याला सकाळी "सगळं ठीक?" विचारत असे, तो "ठीक" म्हणत असे, आणि मी कॉम्प्युटर चालू करत असे. वहिनी भेटल्या त्यानंतरच्या एका शनिवारी मी त्याच्याबरोबर पेनिन्सुला प्लाझात गेले. सिंगापुरात राहून इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. तळघरातल्या दुकानात आम्ही मोहिंगा खाल्लं. (शाकाहारी मंडळींनी चौकशी करून जावं, रस्सा माशाचा असतो.) दोन तास तो बोलत होता. त्याचा भाचा शिक्षक, असहकारात सामील झाला म्हणून पकडला गेला. ऑक्टोबरच्या त्या सुटकेत बाहेर आला, आई दारात वाट बघत उभी, आणि दोन आठवड्यांनी परत नेला.

मी त्याला लेकीचाच प्रश्न विचारला. आसियानने बोलण्याचा काही उपयोग होतो का?

तो म्हणाला, "पुढच्या वेळी त्यांनी 'सगळ्या कैद्यांना सोडा' असं म्हणू नये. 'सगळे' म्हटलं की सरकार चोर-पाकीटमार सोडून आकडा पुरा करतं. त्यांनी यादी न्यावी. नावं वाचावीत. आणि सहा महिन्यांनी परत जाऊन तीच नावं वाचावीत."

मग त्याने कागदी रुमालावर भाच्याचं नाव आधी ब्रह्मी लिपीत आणि खाली इंग्रजीत लिहून दाखवलं. उच्चार मला दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर आला. बिल त्याने देऊ दिलं नाही.